दरडीचा नकाशा

विमानातून लेसरचे किरण सोडून जमीन मोजतात, त्याला लायडार म्हणतात. त्यातून मिळणाऱ्या लाखो ठिपक्यांपासून जमिनीचा नकाशा कोड लिहून कसा करायचा, हे शिकवणारा व्हिडिओ मी ऑफिसात बसून करत होते. उदाहरणाला दरड कोसळलेला एक डोंगर घेतला होता. झाडं आणि उरलीसुरली घरं गाळणारी कोडची ओळ चालवली, तशी उघडी उतरण पडद्यावर आली. मी भरात बोलून गेले, "बघा, किती सुंदर दिसतंय!"

शेजारच्या टेबलावरची सुनंदा उठून आली आणि पडद्याकडे बघत राहिली.

"हे माझ्या मावशीचं गाव गं. ती ह्याच मातीखाली राहिली."

माझे कान तापले. तिच्याकडे बघवेना. सतत आभाळातून बघायची सवय लागली, की खाली माणसं असतात हे जिभेला आठवत नसावं.

"पुसून टाकते," मी कशीबशी म्हणाले.

"नको, शिकव मुलांना. पुढचा डोंगर तरी वेळेत ओळखतील." ती जागेवर जाऊन बसली.

मी पुन्हा रेकॉर्डिंग केलं. उतरण पडद्यावर आली आणि मला शब्दच सुचेना. ती शांतता मी कापली नाही. बघणाऱ्यांना वाटेल, आवाज गेला.