लाइनमन धरमसिंगांची सहा मिनिटं

दारव्ह्याच्या वाचनालयात मी नोकरी करते. गेल्या हिवाळ्यात आम्ही तालुक्यातल्या माजी सैनिकांच्या आठवणी रेकॉर्ड करायला घेतल्या. यादीतलं अकरावं नाव होतं धरमसिंग राठोड, वय चौऱ्याहत्तर. त्यांचा तांडा दारव्ह्यापासून चौदा किलोमीटरवर आहे.

पहिल्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून, पदक लावून खुर्चीत ताठ बसले. भरतीची तारीख, सैनिक क्रमांक, कुठं किती वर्षं काढली, सगळं न अडखळता सांगितलं. एकाहत्तरच्या लढाईबद्दल विचारलं तसे म्हणाले, "लढाई मी नाही केली मॅडम. मी लाइनमन होतो. तार टाकत होतो." आणि उठून गोठ्याकडे गेले.

त्यांच्या पत्नी लालीबाई चहा देताना मला म्हणाल्या, "आणखी येजा. ते एका खेपेत बोलत नाईत."

मी पुन्हा गेले. दुसऱ्या खेपेला त्यांनी लाइनमनचं काम समजावलं. पुढच्या खंदकातल्या साहेबाला मागच्या तोफांशी बोलता यावं म्हणून शेतांतून टेलिफोनची तार टाकायची. तोफगोळा पडला की तार तुटायची. मग एकानं ती तार मुठीत धरून चालत जायचं, जिथं मूठ रिकामी होईल तिथं दुसरं टोक शोधायचं आणि जोड मारायचा. "गोये पडून राह्यले असले तरी जायचं. तार काही आपल्या सोयीनं तुटत नाही," ते म्हणाले. त्यांनी मला उजवा तळहात दाखवला. तारेनं कापल्याच्या तीन पांढऱ्या रेघा होत्या.

तिसऱ्या खेपेला त्यांच्या बोलण्यात सोमला आला. सोमला नलगोंड्याकडचा, त्यांच्याच तुकडीतला लाइनमन. त्याला मराठी येत नव्हतं, धरमसिंगांना तेलुगू, आणि हिंदी दोघांची यथातथाच. एकदा केबलचा ड्रम पायावर पडला तेव्हा धरमसिंग आपल्या गोरबोलीत, बंजाऱ्यांच्या बोलीत, कळवळले, आणि पलीकडून सोमलानं गोरबोलीतच विचारलं, फार लागलं का? एकमेकांपासून पाचशे किलोमीटरवरच्या दोन तांड्यांतली दोन पोरं एकच बोली बोलत होती. "त्या दिवसापासून आमी एका ताटात जेवलो," धरमसिंग म्हणाले. लढाई सुरू व्हायच्या थोडं आधी सोमलाला घरून पत्र आलं होतं. मुलगी झाली होती.

चौथ्या खेपेला त्यांनी स्वतःच रेकॉर्डिंगचा मोबाइल माझ्यासमोर सरकवला. "चालू करा."

डिसेंबरची सकाळ होती, पंजाबच्या सीमेवर, उसाच्या फडाच्या कडेला. धुकं होतं. दोघं पुढच्या खंदकात साहेबांजवळ होते. दोनदा लाइन तुटली, दोन्ही वेळा धरमसिंग जाऊन आले. दुसऱ्यांदा हात कापला. तिसऱ्यांदा तुटली तेव्हा सोमला म्हणाला, तू थांब, मी जातो. वीस मिनिटांनी धरमसिंगांच्या टेलिफोनची घंटी वाजली. सोमलानं जोड मारून तिथूनच आपला टेलिफोन तारेला लावला होता.

"अन् मग..." धरमसिंग थांबले. मग बोलू लागले, पण मराठीत नव्हे, गोरबोलीत. मला 'याडी' म्हणजे आई एवढाच शब्द ओळखता आला. दाराशी तूर पाखडत बसलेल्या त्यांच्या सुनेचा, पुष्पाचा, हात सुपातच राहिला. लालीबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. पाच-सहा मिनिटांनी ते थांबले.

मी म्हटलं, "बाबा, हे मराठीत लिहून काढावं लागेल."

"मराठीत मले ते सांगता येत नाही. तो जसा बोलला तसंच सांगतलं. पुष्पा सांगन तुमाले."

ते बाहेर गेले. पुष्पानं डोळे पुसले आणि सांगितलं.

सोमला म्हणाला होता, लाइन जोडली, पण माझ्या पोटात लागलंय. मग तो बोलतच राहिला. आईला सांग. बायकोला सांग, मुलीचं नाव केसली ठेव. तेवढ्यात साहेबांनी टेलिफोनसाठी धरमसिंगांपुढे हात केला. समोरून रणगाडे येत होते, तोफांना ठिकाण सांगायचं होतं. त्याच तारेवर. धरमसिंग सोमलाला म्हणाले, "चूप राह. साहेबाले लाइन पायजे."

सोमला गप्प झाला. साहेब सहा मिनिटं बोलले. त्या सहा मिनिटांत तारेवर त्याचा एक शब्दही आला नाही. लाइन मोकळी झाल्यावर धरमसिंगांनी हाका मारल्या, मग तार मुठीत धरून धावले. सोमला टेलिफोन कानाला लावूनच पडला होता.

"दोन वर्षांनी हे तिकडं गेलते," लालीबाई म्हणाल्या. "त्याची याडी, बायको, पोरगी, सगळ्यायले भेटून आले. पोरीचं नाव लक्ष्मी ठेवलं होतं. यायनं काहीच नाही सांगतलं. नावही नाही."

निघताना धरमसिंगांनी मला एकच काम सांगितलं. हे रेकॉर्डिंग सोमलाच्या मुलीला पाठवायचं. "तिले दुभाषा लागत नाही," ते म्हणाले.

त्यांचा मुलगा शाम आणि मी मिळून तिचा पत्ता काढला. तीन महिने लागले. लक्ष्मी बावन्न वर्षांची होती, अंगणवाडीत काम करायची. रेकॉर्डिंग पाठवलं. आठ दिवस काहीच उत्तर नाही. धरमसिंग शामला रोज विचारायचे आणि मग विचारेनासे झाले. नवव्या दिवशी तिचा फोन आला की मी येते.

दारव्ह्यातून जीपनं मीच तिला तांड्यावर नेलं. धरमसिंग अंगणात उभे होते. तिनं वाकून नमस्कार केला, त्यांनी डोक्यावर हात ठेवला. दोघं बसल्यावर ती गोरबोलीत बोलली, पुष्पा हळू आवाजात मला सांगत गेली.

"तुम्ही त्यांना गप्प केलं नसतं तर ते वाचले असते का?"

"नाही," धरमसिंग म्हणाले. "पण बोलत बोलत गेला असता."

"मग काहून गप्प केलं?"

"पुढं खंदकात शंभर माणसं होती."

तुमचं बरोबर होतं असं ती म्हणाली नाही, चुकलं असंही नाही. मग म्हणाली, "बापू मले कोणत्या नावानं बोलले ते तुमच्या तोंडून ऐकायचं आहे. मोबाइलमधून नाही."

"केसली," धरमसिंग म्हणाले. आवाज नीट फुटला नाही म्हणून पुन्हा म्हणाले.

ती दोन दिवस राहिली. लालीबाईंनी तिला लेकीसारखं जेवू घातलं, जाताना चोळीचं कापड दिलं. दुसऱ्या दिवशी धरमसिंगांनी तिला शेजारी बसवून मला सांगितलं की सगळं मराठीत लिहा, मी सांगतो. त्या दिवशी ते अडखळत का होईना, 'चूप राह' पर्यंत आणि त्याच्याही पुढे बोलले. केसली हे नाव लिहून झाल्यावर मला ते वाचून दाखवायला लावलं.

लक्ष्मीची जीप तांड्याच्या वळणाआड गेली तरी ते उन्हात उभेच होते. शेवटी शामनं खुर्ची आणून मागे ठेवली, तेव्हा बसले.