एकशे बारावं पान

मेना क्वालियाच्या तोंडात कायम टाचण्या. त्यामुळे आर्थर अव्हेन्यूवरच्या बायकांना वाटायचं, ही बाई किती निमूट ऐकून घेते! कसलं ऐकून घेते? तोंड उघडता येत नसायचं, म्हणून गप्प. टाचण्या काढल्या की मग बघा.

"रोझाल्बा, पोट आत घे. एवढंच जातं? बरं, मग कापडच बाहेर काढते."

ब्रॉन्क्सच्या त्या एका रस्त्यावर तिनं चाळीस वर्षं शिवणकाम केलं. पोरींचे चर्चमधल्या पहिल्या प्रसादाचे, म्हणजे कम्युनियनचे, पांढरे झगे, मग त्याच पोरींचे लग्नाचे, मग त्याच पोरींच्या कमरा सैल करून देणं. स्वतः लग्न नाही केलं. विचारलं की म्हणायची, "मापाचा मिळाला नाही." खरं सांगायचं तर आई-बापामागे धाकटा भाऊ जेनारो वाढवता वाढवता तिची तिशी उलटली. आणि सत्याहत्तर साली जेनारोच गेला.

पहाटे बेकरीत तो भट्टीत पाव सारत होता. रेमंड डफील्ड गल्ला लुटायला आत शिरला आणि जाताना गोळी घालून गेला. हा डफील्ड म्हणजे साधासुधा चोर नव्हे हो. बँका लुटल्या, दोन वर्षं पोलिसांना झुलवलं, वर्तमानपत्रात फोटो, तोही हसरा. जन्मठेप झाली, पण पंधरा वर्षांनी सुटकेचा अर्ज करायची मुभा. तेव्हापासून दर दोन वर्षांनी तो अर्ज करणार आणि दर दोन वर्षांनी मेना काळा कोट घालून सरकारी माणसांपुढे बसणार. जेनारोचा उजवा हात पिठानं माखलेला होता साहेब. एक चप्पल भट्टीखाली गेली होती. सात वेळा सांगितलं. सातव्या वेळी तर समोरचा साहेब जांभई देताना दिसला. ती घरी येऊन म्हणाली, "त्याचं तरी काय चुकलं? मलाच झोप येत होती."

त्यातच डफील्डनं तुरुंगात बसून पुस्तक लिहिलं. प्रकाशकानं भरपूर पैसे मोजले. आता त्या राज्यात असा कायदा आहे, की गुन्हेगाराच्या हातात मोठी रक्कम पडली की सरकारनं त्यानं मारलेल्याच्या घरच्यांना कळवायचं. तीन वर्षांत त्यांनी दावा लावला तर तो पैसा त्यांच्याकडे वळतो. नाही लावला, तर खुशाल त्याचा. तसं पत्र मेनाला आलं. तिनं ते बटणांच्या डब्यात ठेवलं आणि वर झाकण लावलं.

खालच्या मजल्यावरची दानिला वकील झाली होती. तिचा कम्युनियनचा झगाही मेनानंच शिवलेला. ती सारखी मागे लागायची.

"मावशी, गुरुवारी तीन वर्षं संपतायत. नुसती सही कर."

"नुसती? मग कोर्टात कोण सांगणार, तू? पिठाचा हात, चप्पल, सगळं परत मीच ना? नको गं. दमले मी आता. घेऊ दे त्याला पैसे, म्हातारपणाची औषधं घेईल."

"पुस्तक वाचलंस तरी का?"

"विकत घेऊ? म्हणजे माझ्याच पैशातनं त्याचा वाटा?"

हे झालं सांगायचं कारण. खरं कारण दुसरंच होतं. जेनारोबद्दल त्यानं काय लिहिलंय, याची तिला धास्ती होती. रडला म्हणून लिहिलं असेल का? हातापाया पडला म्हणून?

रविवारी चर्चच्या तळघरात छपराच्या दुरुस्तीसाठी जुन्या पुस्तकांची विक्री होती. लोक घरची नकोशी पुस्तकं कागदी पिशव्यांतून दाराशी ठेवून जायचे, नावगाव न लावता. टेबलामागे असुंता; कुठली पिशवी कुणी ठेवली ते तिला बरोबर ठाऊक. म्हणजे मेनाची शाळेपासूनची मैत्रीण. पोटात काही राहत नाही आणि तोंडावर काही लपत नाही.

मेना टेबलाशी आली तशी असुंता खुर्ची सरकवून पुढ्यात उभी राहिली.

"अगं मेने, आज इकडं कुठं? तिकडं बघ ना, स्वयंपाकाची पुस्तकं आलीत."

"स्वयंपाक तुला शिकायचाय. बाजूला हो. टेबलाखाली काय दडवलंयस?"

"कुठं काय?"

"तीस वर्षं तुझे झगे शिवतेय. घाम कधी फुटतो तुला ते ठाऊक आहे मला."

मेनानं वाकून टेबलावरची चादर उचलली. खाली मुखपृष्ठावरनं डफील्ड हसत होता. एक नाही, अकरा डफील्ड, एकावर एक रचलेले.

"ही कुणाची?" मेनानं विचारलं.

असुंता रडकुंडीला आली. "कुणाची म्हणून सांगू? प्रत्येकाला वाटलं आपणच एकटे. चोरून घेतलं, चोरून वाचलं. तू माप घ्यायला घरी येतेस, मग घरात ठेवायचं कसं? म्हणून सगळ्यांनी पिशवीत घालून इथं आणून टाकलं."

"तुझं कुठलं?"

"वरून तिसरं," असुंता पुटपुटली.

मेनानं खुर्ची ओढून घेतली आणि बसली. अकरा घरं. तिच्याच रस्त्यावरची, तिच्याच हातचे झगे घालणारी, आणि डफील्डच्या खिशात भर घालून आलेली! तिनं वरचं पुस्तक उचललं. एका पानाचा कोपरा दुमडलेला होता. पान एकशे बारा. दुसरं घेतलं. एकशे बारा. तिसरं, चौथं. अकराच्या अकरा पुस्तकांत तेच पान दुमडलेलं, दुसरं एकही नाही.

"जेनारोला शोधत होतो गं," असुंता म्हणाली. "पुढचं कुणी वाचलं असेल असं वाटत नाही."

मेनानं चष्मा लावला. जेनारो दीड ओळीत होता. 'बेकरीत एक जाडा माणूस आडवा आला. त्याचं काम उरकून मी निघालो.' बस. नाव नाही, गाव नाही. आणि लगेच खाली डफील्डची आई रविवारी कोंबडी कशी भाजायची, याची तीन पानं.

रडला नव्हता जेनारो. पण त्या दीड ओळीत तो माणूससुद्धा नव्हता.

"जाडा!" ती म्हणाली. "अठ्ठावीस कंबर होती त्याची. त्याच्या विजारी मीच शिवायचे."

"माहितीय गं."

"तुला माहितीय. त्या कोर्टाला कुठं माहितीय?" तिनं अर्धा डॉलर टेबलावर ठेवला आणि पुस्तक काखेत मारलं. "हा चर्चच्या छपराला. आणि ऐक, बाकीची दहा विकायची नाहीत. ज्याची त्याला परत दे. दुमडलेल्या पानासकट."

"आणि सांगू काय?"

"सांग, मेना आठव्यांदा सांगायला चाललीये, आणि एकटी जाऊन कंटाळलीये. चोरून वाचलंत ना? आता उघड येऊन बाकावर बसा. तुझ्या नवऱ्याची गाडी लागेल. आणि खोकायचं नाही म्हणावं त्याला."

सोमवारी सकाळी दानिलानं कागद पुढं केले. मेनानं तोंडातल्या टाचण्या काढून उशीला टोचल्या, सही केली, आणि परत एकेक करून तोंडात घातल्या. रोझाल्बा मापाला उभी होती. न सांगताच तिनं पोट आत घेतलं.