खिडकीबाहेरची टाकी

मी आयुष्यात एकच समुद्र नाकारला आहे, आणि तोही माझ्या पत्नीचा. ही गोष्ट मी तिच्यापासून नऊ वर्षे लपवून ठेवली. लपवताना फार कष्ट पडले असेही नाही. लातुरात समुद्राचा विषय निघतोच कितीदा?

शैलजा, म्हणजे माझी पत्नी, शाळेत भूगोल शिकवते. अठरा वर्षे तिने निळ्या खडूने फळ्यावर अरबी समुद्र काढला आणि तास संपला की पुसला. प्रत्यक्षात पाहिला मात्र नव्हता. ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी आले, त्या उन्हाळ्यात ती म्हणाली, "आता एकदा खरा दाखवा. दुसरं काही मागत नाही मी. सकाळी डोळे उघडले की खिडकीतून समुद्र दिसला पाहिजे, बस्स." मी शब्द दिला.

येथे माझ्याविषयी थोडे सांगणे भाग आहे. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा मी शाळेत होतो. वडील म्हणाले होते, "आता बघ, नळाला रोज पाणी!" जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, साहेबांच्या गाड्या आल्या. (पाणी बहुधा जुन्या जिल्ह्यातच राहून गेले.) तेव्हापासून कोणाच्याही घरी गेलो की प्रकृतीच्या आधी मी नळाची चौकशी करतो. शैलजाला पाहायला गेलो तेव्हाही माझा पहिला प्रश्न बोअरविषयीच होता. (उत्तर समाधानकारक होते. मुलगीही.)

तर शैलजा, माझी वृद्ध आई आणि मी कोकणातल्या एका समुद्रकाठच्या गावी उतरलो. सामानात आईने लातूरहून आणलेले पाण्याचे दोन कॅन होते. दोघींना बदामाच्या झाडाखाली बसवून मी खोली बघायला निघालो.

पहिलेच घर वाळूला लागून होते. मालकीणबाईंनी खोलीचे दार उघडले आणि समोरच्या खिडकीत समुद्र काठोकाठ भरलेला! खिडकीत दुसरे काही नव्हतेच. मी त्याच्याकडे पाठ केली आणि विचारले, "पाणी किती वाजता येतं?"

"येता म्हणजे?" बाई गोंधळल्या. "ही बावडी आसा मां! व्हया तेवढा पाणी काढा."

"नळ?"

"नळ कित्याक?"

"मग टाकी?"

"टाकी कित्याक?"

ज्या घरात नळ नाही, टाकी नाही, केवळ एक विहीर आहे आणि तीही भर मे महिन्यात, त्या घरात मुक्काम? "सांगतो," असे पुटपुटून मी निघालो.

मागच्या गल्लीत एक लॉज होते. पहिल्या मजल्याची खोली, आणि खिडकीबाहेर लगतच्या गच्चीवर लॉजचीच पाच हजार लिटरची काळी टाकी. कलिंगड घेताना वाजवून बघतात, तशी मी खिडकीतून हात घालून ती वाजवली. भरलेली! तो भरदार आवाज ऐकून माझे डोळे पाणावले. तिथल्या तिथे खोली पक्की केली.

"समुद्रावरचं घर?" शैलजाने विचारले.

"भरलंय," मी म्हणालो. "लई विनवण्या केल्या, पण न्हाईच म्हणाले."

खोलीत आल्यावर तिने खिडकी उघडली. टाकी पाहिली. खिडकी लावली. आई मात्र प्रसन्न झाली. "सिद्राम, लई चांगली जागा बघितलीस बाबा. पाणी नजरंसमोर हाय!"

मग मी कामाला लागलो. दोन्ही बादल्या भरल्या. तांब्या, पेले, थर्मास भरले. डब्यातला चिवडा कागदावर काढून डबाही भरला.

"अहो, काय करलालाव?" शैलजा म्हणाली. "चोवीस तास पाणी हाय म्हणून पाटी लावलीय खाली."

"पाटीवर विश्वास ठेवू नये," मी म्हणालो, आणि त्याच क्षणी नळ थांबला! (मालकांनी खाली काही दुरुस्तीसाठी तासभर कॉक बंद केला होता, हे मागाहून कळले.) त्या वेळी मला वाटला तो निव्वळ विजय. "बघ!" मी म्हणालो. "गेलं की न्हाई?"

आईने त्याच उत्साहात भरलेल्या बादलीतून साड्या धुवायला घेतल्या, आणि साबणाचे पाणी वाया जाऊ नये म्हणून मोरीत फडक्याचा बोळा घट्ट बसवला. मी रिकामी झालेली बादली नळाखाली ठेवली आणि नळ पुरता उघडून ठेवला. आमच्याकडे सगळ्या घरांची हीच रीत. पाणी आले की बादली वाजते, आणि हातातला घास टाकून माणसे धावतात. फक्त त्यासाठी घरात कोणीतरी असावे लागते.

"आता तरी चला," शैलजा म्हणाली. आम्ही दाराला कुलूप लावून जेवायला गेलो आणि ऊन कलल्यावर समुद्रावर.

आई वाळूत बसली. शैलजाने चपला काढून हातात घेतल्या, निऱ्या किंचित उचलल्या आणि हळूहळू पुढे गेली. लाट तिच्या पावलांपासून दोन हातांवर आली असेल-नसेल, तेवढ्यात मागून लॉजमालकांची आरोळी आली.

"अवो लातूरवाले! माझी अख्खी टाकी रिकामी झाली! जिन्यावरून धबधबो पडता, धबधबो!"

शैलजा वळली. लाट आल्या वाटेने परत गेली.

ज्या गावाला रेल्वेने पाणी पुरवले जात होते, त्या गावच्या मनुष्याने पाच हजार लिटर पाणी जिन्यावरून सोडून दिले होते! खाली आमचा चिवडा मालकांच्या उंबऱ्यापर्यंत पोहत आला होता. मालक हात जोडून म्हणाले, "तुम्ही चांगली माणसा आसात. पण जावा."

मी धावत समुद्रावरच्या घरी गेलो. खिडकीत कुणाचे तरी टॉवेल वाळत होते. बाई हळहळल्या, "मी तुमची वाट बघलंय. वायच आदी येवक व्हया होतात." हे शैलजाने ऐकले नाही. ऐकले असते तर माझी नऊ वर्षे वाचली असती.

सीझन होता, दुसरी खोली कुठेच मिळेना. आम्ही त्याच दिवशीची बस धरली. शैलजाची खिडकीची जागा होती. घाटाआधीच्या एका वळणावर झाडांमधून निळी रेघ चमकली आणि गेली. "बघा," ती म्हणाली, "खिडकीतून दिसला की." चिडून म्हणाली असती तर बरे झाले असते, ती समजुतीने म्हणाली.

त्यानंतर ती समुद्र फळ्यावरच काढत राहिली. आणि वाईट म्हणजे, माझी बाजू घेत राहिली. परवा माझी उदगीरची भाची आली. कोकणात कुठे उतरावे, ती विचारत होती.

"मामाला विचार," शैलजा म्हणाली. "बिचाऱ्यांनी त्या घरासाठी किती विनवण्या केल्या होत्या! नशीबच न्हाई आमचं."

त्या 'बिचाऱ्यांनी'वर मी खचलो. भाची गेल्यावर धीर एकवटून मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. "शैलजा, एक सांगायचं होतं…"

तेवढ्यात न्हाणीघरात बादली वाजली.

"नळ आला! थांबा, बादली बघते, मग सांगा," म्हणत ती आत गेली. पण नऊ वर्षांनी आलेला धीर पुन्हा केव्हा येईल, याचे वेळापत्रक माझ्याकडे नव्हते. मी तिथूनच हळू आवाजात म्हणालो, "ते घर रिकामं होतं."

"काय म्हणलालाव? ऐकू येईना!"

"समुद्रावरचं घर! भरलेलं नव्हतं!"

"मोठ्यानं बोला, पाणी चालू हाय!"

जन्मात कधी आवाज न चढवलेला मी, बेंबीच्या देठापासून ओरडलो, "खोली रिकामी होती! तिथं टाकी नव्हती म्हणून मी नाकारली! तुझ्याशी खोटं बोललो! चुकलो, शैलजा, मला माफ कर!"

वरच्या मजल्यावरचा टीव्ही बंद झाला. जिन्यात कोणाची तरी पावले थबकली. त्या शांततेत माझ्या ध्यानात आले की नळ तिने केव्हाच बंद केला होता.