टर्बोची धाप

आमच्या घरात पोरगं बापाशी सरळ बोलत नव्हतं. भांडण होतं म्हणून नाही, रीतच तशी. मी माझ्या बापाशी बोललो नाही, पोरगा माझ्याशी बोलला नाही. काय असेल ते आईमार्फत. "तात्यांना सांग, मोटर बंद पडलीय." मग आमची मंडळी, म्हणजे त्याची आई, चुलीपासनं उठून सोप्यात येणार, मला सांगणार, मी तिला सांगणार, ती आत जाऊन त्याला सांगणार. मधी फक्त एक भिंत. दोघांनाही सगळं ऐकू जायचं, पण निरोप पोचल्याशिवाय कुणी हलायचं नाही.

दिवाळीच्या आधी मंडळी गेली. आजारी पडली आणि गेली, त्यावर मला जास्त लिहवत नाही. तेराव्याचे पाहुणे आपापल्या गावाला गेले आणि पिंपळीच्या घरात मी आणि पोरगा दोघंच उरलो. त्याचं लग्न झालेलं नाही. ऊस आहे, बारामतीत कंपनीत कामाला आहे, तरी पोरी मिळत नाहीत, आता सगळीकडं तेच. निरोप न्यायला कुणी राहिलं नाही, तेव्हा त्यानं म्हशीला धरलं. धार काढताना तिच्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, "भाकरी झाल्यात म्हणावं. गार व्हायच्या आत खावा." मीही म्हशीलाच सांगायचो, "भूक न्हाय म्हणावं." म्हैस आपली रवंथ करायची. मला भ्या वाटायचं ते एकाच गोष्टीचं. हे पोरगं एक दिवस पुण्याला खोली करून राहील, आणि ते गेल्याचंही मला म्हशीकडनंच कळेल.

एका रविवारी तो म्हशीला म्हणाला, "शेळगावला जुनी गाडी बघायला जायचंय. कुणाला यायचं आसंल तर चहा पिऊन तयार ऱ्हावं."

मी टोपी घातली आणि दारात जाऊन उभा राहिलो.

मला वाटलं जीप असेल, नाहीतर माल न्यायचा टेम्पो. मोटारसायकलवरनं तितं उतरलो तर अंगणात एक निळी, बुटकी मोटार. मालक डाळिंबाचा बागायतदार, आमच्या पोराच्याच वयाचा. त्याला जुळी पोरं झाली होती, मागं बसायला जागा पुरत नाही म्हणून विकत होता.

"ह्यात काय मावतंय?" मी म्हणालो. "वैरणीचा एक भारा बसायचा न्हाय."

"आबा, ही वैरणीची न्हाय, शर्यतीची हाय," तो हसून म्हणाला. "टर्बो हाय हिला. पायाखाली नुसतं दाबलं की मागची गाडी दिसत न्हाय."

माझं शिक्षण चौथीपर्यंत. टर्बो मला काय कळणार! पण बाजारात बैल मी पुष्कळ घेतलेत. आमची माणसं आधी मेंढरं राखायची, त्यामुळं जनावर बघायची नजर घरातच होती. बाजारात लंगडा बैल विकायचा असला तर मालक त्याला आधी चांगला फिरवून आणतो. पाय तापले की लंगड दिसत नाही. म्हणून खरं गिऱ्हाईक पहाटे त्याच्या गोठ्यात जातं आणि बसलेला बैल उठताना बघतं. मी गाडीच्या नाकाडावर हात ठेवला. तापलेलं होतं.

"सकाळी सकाळी कुठं हिंडवून आणली?"

"धुवायला न्हेली हुती, आबा. तुमी येणार म्हणून."

पोरगा जमिनीकडं बघत उभा. त्याला लाज वाटली, हे मला कळलं.

मग तो चालवायला बसला, मी शेजारी. मालक म्हणाला, इंदापूरच्या अंगाला मोकळा रस्ता आहे, खुशाल न्या. जरा लांब गेल्यावर पोरानं पाय दाबला आणि माझी पाठ सीटला अशी चिकटली की टोपी मागं गेली. ऊस, विजेचे खांब, रसवंती, सगळं नुसतं मागं पळत होतं. मी त्याच्याकडं बघितलं. आईच्या माघारी त्या तोंडावर हसू मी पहिल्यांदा बघत होतो. मग पुढं एक ट्रॉली आली, त्यानं पाय काढला, आणि गाडीच्या पोटातनं मोठ्यांदा आवाज आला, फुस्स! परत पाय दाबला, परत काढला, परत फुस्स.

बैलाला नांगराला जुंपून रानात एक-दोन फेऱ्या पळवायचा आणि मग त्याच्या नाकाशी कान न्यायचा, ही आमची परीक्षा. धाप लागली, शीळ वाजली, की बैल फुप्फुसातनं गेला. असा बैल फुकट दिला तरी दावणीला बांधत नाहीत. मी ती परीक्षा तितं लावली. अंगणात परत आल्या आल्या मालकाला तोंडावर सांगितलं, "दमेकरी हाय तुजी गाडी. छाती भरलीय तिची. दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात मार."

मालक पोट धरून हसायला लागला. त्याची आई ओट्यावर डाळिंबं निवडत होती, तीही हसली. आणि माझा पोरगा, जो जन्मात माझ्याकडं बघून एक वाक्य बोलला नाही, तो माझ्यासमोर येऊन ओरडला.

"तात्या! त्यो टर्बोचा आवाज हाय! तसाच आसतोय! चांगली आसली म्हंजीच तसा येतोय!"

ओरडून तोच दचकला. मी म्हणालो, "मग आधी न्हाय सांगायचं?"

"तुमी इचारलं कवा?"

मालकाला "कळवतो" म्हणून आम्ही निघालो. मोटारसायकलवर तो पुढं, मी मागं, आणि भांडण चालूच. तोंड पुढं असल्यानं त्याला जोरात बोलावं लागत होतं, मलाही. रस्त्यात चहाच्या टपरीवर थांबलो तरी आवाज खाली आला नाही.

"एवढं पळून जायचं कुठं हाय तुला?"

"कुठं न्हाय. रोज आठ तास एका मशीनसमोर उभा आसतो मी. तेच दांडकं उचलायचं, तेच ठेवायचं. आठवड्यातनं एकदा आपल्या हातानं कायतरी पळवावं वाटतंय. आईला ठावं हुतं. दोन वरसं झाली पैसं साठवतोय. ती म्हणायची, घे, तात्याला मी सांगते."

"मला न्हाय बोलली."

"बोलणार हुती."

चहावाल्यानं दोघांना जरा भिऊनच चहा दिला. मी निम्मा पिऊन म्हणालो, "आवाजाचं मी चुकलो. नाकाडाचं न्हाय चुकलो. गार गाडी बघितल्याबिगर घ्यायची न्हाय. पहाटं जाऊ, त्याला म्हणावं चावीला हात लावू नको."

त्यानं माझ्याकडं बघितलं. "त्ये मातर बराबर हाय," म्हणाला. "नेटवरबी तसंच सांगत्यात, थंड इंजिन बघा म्हणून."

"मग नेटवाल्याला म्हणावं बैल घ्यायला ये."

तो हसला. चहाचे पैसे कुणी द्यायचे ह्यावरनं परत भांडलो.

पुढच्या रविवारी पहाटे गेलो. बारामतीचा एक गॅरेजवाला पोरानं बरोबर घेतला होता, स्वतःच्या मोटारसायकलवर आला. नाकाड दगडासारखं गार होतं. मालक शाल गुंडाळून उभा, म्हणाला, "आबा, रात्रीपास्नं हिच्याकडं बघितलंबी न्हाय." चावी फिरवली. सायलेन्सरमधनं जरा पांढरी वाफ आली आणि गेली. गॅरेजवाला म्हणाला, निळा धूर आला असता तर घाबरायचं, तेव्हा टर्बो ऑइल पितोय असं समजायचं. मग त्यानं झाकण काढून बॅटरीच्या उजेडात आत बघितलं, तपासायचं मशीन जोडून बघितलं. एक रबरी पाइप ओला होता, तो बदलावा लागेल. बाकी टर्बो ठणठणीत.

"पण गॅरंटी कोण देतंय?" मी त्याला विचारलं. "दोन वर्सांनी बसली तर?"

"गॅरंटी कुणी न्हाय देत, आबा. साध्या गाडीपेक्षा हिचं काम नाजूक, खर्च जास्त. ऑइल येळंवर बदला, सकाळी लगीच दामटू नका. आन् पळवून आणली की लगीच बंद करायची न्हाय. मिनीटभर चालू ठिवायची, टर्बो तापल्याला आसतोय, त्याला शांत होऊ द्यायचं. एवढं पाळलं तर पुष्कळ चालंल."

हे मला पटलं. नांगरावरनं सोडलेला बैलही कुणी लगेच दावणीला बांधून पाणी दाखवत नाही. सगळं ऐकून पोरानं गाडीला हात लावला नाही, माझ्याकडंच बघत उभा राहिला.

"तात्या, काय करू?"

असं मला कुणी विचारून किती काळ लोटला होता! मी म्हणालो, "घे."

कागदपत्रं होऊन गाडी आणायला आठवडा गेला. मी मुद्दाम बरोबर गेलो. येताना त्यानं मोकळ्या रस्त्यावर पाय दाबला, मी टोपी आधीच मांडीवर घेतली होती. पिंपळीत आलो, दारात गाडी थांबली, मी दार उघडायला गेलो.

"बसा," तो म्हणाला. "मिनीटभर थांबायचंय."

बसलो. इंजिन हळू गुरगुरत होतं. त्याला करायला काही नाही, मलाही नाही. मधी भिंत नाही.

"आईला हिच्यात बसवायची हुती," तो म्हणाला.

"ओकली असती. एस्टीत भिगवणपतूर दम काढवत नव्हता तिला."

"बारामतीच्या स्टँडवरच लिंबू हुंगायची."

"आन् ते लिंबू घरी आल्यावर सरबतात पिळायची."

"खरं?" तो माझ्याकडं वळला. "त्येच लिंबू?"

"त्येच. तू दोन दोन गलास प्यालास."

तो हसता हसता थांबला आणि डोळे पुसायला लागला. मीही पुसले. मिनिट केव्हाच होऊन गेलं होतं. गाडी बंद करायचं त्यानं नाव काढलं नाही, मीही काढलं नाही.