पलीकडच्या वाळूतला पाहुणा

काशीत नावेत बसलेला माणूस तोंड घाटांकडे करतो. नाना सप्रे पाठ करत. पहिल्यांदा त्यांच्याबरोबर बसलो तेव्हा मी शिंदे घाटाकडे मान वळवली, तर म्हणाले, "तो कुठे पळून जात नाही भैया. समोर बघ, तिथले लोक पळतात!" समोर पलीकडच्या तीराची ओसाड वाळू. 'लोक' म्हणजे मुंग्या, काळे भुंगेरे आणि वाळूत बीळ करून राहणारे कोळी.

नव्वदीच्या सुरुवातीला बँकेच्या बदलीवर मी बनारसला आलो आणि दुर्गाघाटाच्या गल्लीत नानांच्या शेजारी खोली घेतली. त्यांच्या घरात पिढीजात भिक्षुकी. नाना मात्र शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. त्यांना एका प्रश्नानं पछाडलं होतं. पावसाळ्यात गंगा ती सगळी वाळू गिळते. पाणी उतरलं की हे लोक पुन्हा हजर! "तेच की नवे? तेच असतील तर पुरात होते कुठे? मला एवढं कळू दे, मग बाबा विश्वनाथ खुशाल बोलावू दे."

शोधाची हत्यारं दोन. एक, चहा पिऊन जपून ठेवलेले मातीचे कुल्हड. बारा कुल्हड काठापर्यंत वाळूत पुरायचे, सकाळी आत कोण पडलंय ते वहीत मांडायचं आणि सोडून द्यायचं. दुसरं, नानांच्या पत्नीचं, म्हणजे काकूंचं, लाल नेलपॉलिश. त्याचा ठिपका पाठीवर, डाव्या बाजूला. कोळ्यांनी कात टाकून ठिपका झटकला, तेव्हा नानांनी सगळा भरवसा भुंगेऱ्यांवर ठेवला.

एकदा नावाडी सुक्खूनं मला हळूच विचारलं, "बाबूजी, पंडितजी ई कौन पूजा करत हैं?" माझ्या जिभेला हाड नाही. म्हटलं, "दक्षिणी अनुष्ठान है. बारह देवता." झालं! आठवडाभरात प्रत्येक कुल्हडात अक्षता, झेंडू आणि बत्तासे. नाना वहीत डोकं खुपसून पुटपुटत होते, "मुंग्या एकदम इतक्या कशा वाढल्या रे?" मग बत्तासा दिसला. मग मी दिसलो.

"हे तुझं काम!"

मी कान पकडले. नाना रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांचे डोळे चमकले. त्यांनी सहा कुल्हड धुऊन परत पुरले आणि वहीत दोन रकाने पाडले: 'उपाशी' आणि 'जेवलेले'. "भक्तांनी मदतच केली. आता कळेल, कोण गोडाला येतं आणि कोण नुसतंच धडपडतं."

त्या वर्षी पाणी उतरल्यावर नाना रोज पलीकडे जाऊ लागले. भुंगेरे ढीगभर, ठिपका एकावरही नाही. नाना जेवताना बोलेनासे झाले. "हे कुणाची वाट बघतात, सांगाल का?" काकूंनी मला विचारलं. इकडे माझ्या बदलीचा हुकूम आलेला. मला राहवलं नाही. काकूंकडून बाटली मागून घेतली, पहाटे एक भुंगेरा रंगवला आणि नानांच्या आधी कुल्हडात सोडला.

"नाना, भेटला!"

नाना गुडघ्यांवर पळत आले हो! भिंग धरलं. बघितलं, मग हुंगलं.

"पुरातून आलेल्या भुंगेऱ्याला काकूच्या बाटलीचा ताजा वास? आणि ठिपका उजवीकडे! माझा विद्यार्थी असतास तर बाकावर उभा केला असता."

मी मान खाली घातली. नानांनी भुंगेरा हलकेच वाळूवर ठेवला. वहीत तिसरा रकाना पाडून लिहिलं, 'पाहुणा – १'. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "माया कळली. पण मोजणीत धरता येत नाही रे."

मी नागपूरला गेलो. वर्ष उलटलं, पुन्हा पूर येऊन गेला आणि दिवाळीनंतर नानांचं कार्ड आलं. अक्षर लटपटलेलं. माघात ते गेले, त्यामुळे त्यांचं आलेलं ते शेवटचंच.

"चि. सुधाकर, अनेक आशीर्वाद. आज चार नंबरच्या उपाशी कुल्हडात एक भुंगेरा मिळाला. ठिपका फिकट, पण लाल. उजवीकडे. तिघांना दाखवून खात्री केली. म्हणजे पूर त्यानं काढला. कुठे, ते त्यालाच ठाऊक. पण तोच आहे, नवा नाही. पाहुण्यांचा रकाना खोडला. तुझा भुंगेरा मोजणीत धरला आहे."