बाबा रशियाचे बादशहा झाले तेव्हा

आमच्या गावात शंकरपटानंतर, म्हणजे बैलांच्या शर्यतींनंतर, नाटक होई. त्यात राजा नेहमी बाबाच होत, कारण गावची मालगुजारी, म्हणजे जमीनदारी, आमच्याकडे होती. कायद्यानं मालगुजारी गेली, त्या वर्षी शाळेच्या मास्तरांनी रशियाच्या एका बादशहाचं नाटक लिहिलं. हा बादशहा कुणालाच आवडत नसे. लोकांनी टोपी कोणती घालावी हेसुद्धा तोच ठरवी. सगळ्यांवर संशय घेई. शेवटी त्याच्याच सरदारांनी उपरण्यानं त्याचा गळा आवळला.

तालमीत बाबांनी सरदार पाहिले. सगळी आमची जुनी कुळं.

"मले माराले एवढे लोक काऊन पाहिजे?"

"राजा हाय ना, मालक! एकट्याच्यानं कसा मरन?" एक सरदार म्हणाला.

सगळे हसले, बाबा सोडून. घरी आल्यावर ते आईला म्हणाले, "मास्तरले हे नाटक कोनीतरी सुचवलं असन." मलाही तसंच वाटलं. एरवी तालमीला उशिरा येणारी ही माणसं यंदा बाबांच्या आधी हजर असत.

मी म्हटलं, राजाचं काम दुसऱ्याला द्या. पण मालकी म्हणून आता तेवढंच उरलं होतं, ते बाबा सोडेनात. त्यांनी घरचं मऊ उपरणं नेलं आणि यानंच मारा म्हणून बजावलं.

प्रयोगात सरदार उपरणं घेऊन पुढे आले. त्यांचा हात लागायच्या आतच बादशहा धाडकन पडला.

"मालक, अजून आवळलं नाई," एक सरदार कुजबुजला.

बाबांनी डोळे न उघडताच उपरण्याचं टोक मुठीत घट्ट धरलं.