पार फुटल्याची हाक

भरल्या तलावाचा शेवाळी वास आला की मला इंग्रजांच्या राज्यातलं, दिल्लीच्या असेंब्लीचं ते मतदान आठवतं. मतदान होतं तलावापलीकडच्या शाळेत, आणि वाट पारीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून. तिथे सकाळपासून बंदूकवाले सोजीर उभे होते. ते अडवत नव्हते, नुसते बघत होते, पण तेवढ्यानेच मतदार शेतकरी घरात दडून बसले. शेत नावावर असल्याने माझ्या विधवा सासूलाही मत होतं. "नका जाऊ," मी म्हटलं. "काऊन भेऊन राहिली व?" म्हणत ती चौकात गेली आणि ओरडली, "पार फुटली! पार फुटली!" या हाकेला आमच्याकडे वैरीसुद्धा फावडं घेऊन धावतो. अख्खं गाव पारीवर आलं, सोजीर गोंधळून बाजूला झाले. पार शाबूत पाहून माणसं थबकली, तशी सासू म्हणाली, "आता आलेच आहा, तं मत टाकून जा." मतं पडली, पण त्यानंतर गावात तिच्याशी कुणी बोलेना, कारण ती हाक खोटी कुणी कधी दिली नव्हती. पुढच्या पावसाळ्यात तलाव काठोकाठ भरला, तेव्हा ती रोज पारीवर राखण करत बसून राहायची. "आता खरंच फुटली, तं माह्या हाकेला कोण येईल व?" ती विचारायची. आज मी तिच्या वयाची आहे. तलाव भरला की मीही पारीवर जाऊन बसते.